शूर्पणखेच्या मनांत काय होतें?

नाशिकास येणारा यात्रेकरू रामकुंडावर स्नान करितो, काळारामाचें दर्शन घेतो, सीतागुंफेच्या अरुंद वाटेनें वांकून आंत जाऊन येतो आणि मग तपोवनाकडे वळतो. तेथें कपिला-गोदावरीच्या संगमाजवळ त्यास एक जागा दाखविण्यांत येते. लक्ष्मणानें शूर्पणखेचें नाक कापलें तें येथेंच, असें सांगतात. आणि त्या नासिकेवरूनच गांवास नाशिक हें नांव पडलें, हेंही ओघानें येतें. ही व्युत्पत्ति कितपत टिकते हा प्रश्न वेगळा. पांडवलेण्यांतील सातवाहनकालीन लेखांत हें नांव आढळतें, म्हणजे तें सुमारें दोन हजार वर्षांचें जुनें आहे. नऊ शिखरांवरून तें आलें असें म्हणणारेही आहेत. आणि पंचवटी मूळ कोठली, नाशिकची कीं भद्राचलाजवळच्या पर्णशाळेची, हा वाद तर गोदावरीच्या वरच्या अंगास आणि खालच्या अंगास सारख्याच हिरिरीनें चालूं असतो. तथापि एका स्त्रीच्या कापलेल्या नाकाशीं जें शहर आपल्या नांवाचा संबंध लावितें, त्या शहरांत तिच्याविषयीं कुतूहल असणें स्वाभाविक आहे.

श्रोतेहो, संगणकावरील अद्भुत कथांच्या खेळांत रमणारीं आजचीं मुलें पाहावीं. मालिकेंतला दुष्ट असुर दुष्ट कां झाला, त्याच्या मनांत खरोखर होतें काय, यावर तीं रात्र रात्र तर्क लढवितात. एखाद्या पात्राच्या तोंडचें अर्धें वाक्य धरून त्यावर सबंध मनोरा रचितात आणि पुढचा भाग निघेपर्यंत त्यांस धीर धरवत नाहीं. घरांतील वडील मंडळी या खटाटोपास हसतात. परंतु कीर्तन आटोपून घरीं परततांना, बुक्का लागलेल्या कपाळांनीं, हाच उद्योग त्यांच्याही वडिलांनीं केलेला असतो. कैकेयी मुळांत वाईट होती काय? रावणाएवढा वेदवेत्ता परस्त्रीच्या मागें कां लागला? आणि शूर्पणखेनें लंकेस जाऊन आग लाविली, ती नेमकी कोणाच्या घरास?

हा शेवटचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीं. शूर्पणखेला रामाचा सूड घ्यावयाचा नव्हताच, तिला रावणाचा नाश हवा होता, असा एक तर्क अलीकडे पुष्कळ लोकप्रिय झाला आहे. शरद तांदळे यांची ‘रावण राजा राक्षसांचा’ ही मराठी कादंबरी घरोघरीं वाचली गेली. कविता काणे यांनीं तर शूर्पणखेलाच नायिका करून इंग्रजींत कादंबरी लिहिली. अशा पुस्तकांमुळें राक्षसांच्या बाजूनें रामायण पाहण्याची चटकच वाचकांस लागली आहे, आणि त्या चटकेंतून हा तर्क तोंडोतोंडीं फिरतो.

त्यास आधार आहे तो उत्तरकांडाचा. तेथील कथा अशी. रावणानें स्वतःच आपली बहीण कालकेयांपैकीं विद्युज्जिह्व नांवाच्या दानवास दिली. पुढें दिग्विजयाच्या भरांत तो कालकेयांवर चालून गेला आणि त्या रणधुमाळींत त्यानें आपल्या मेहुण्यासच ठार केलें. शूर्पणखा येऊन त्याच्या पायांवर कोसळली. तूंच मला विधवा केलेंस, असा आक्रोश तिनें केला. यावर रावणाचें उत्तर ऐकण्यासारखें आहे: युद्धाच्या धुंदींत आपला कोण आणि परका कोण हें मला उमजलें नाहीं! मग तिची समजूत घालण्याकरितां त्यानें तिला खराबरोबर दंडकारण्यांत धाडलें आणि दिमतीस चौदा हजार राक्षस दिले. म्हणजे गोदातीरीं जी शूर्पणखा रामाच्या दृष्टीस पडली, ती भावाच्या हातून विधवा झालेली आणि त्याच भावानें दूर नेऊन ठेविलेली स्त्री होती. एवढें कळल्यावर वाचकाच्या मनांत संशयाची पाल चुकचुकली तर नवल नाहीं.

तर्क सुरेख आहे. तो खरा मात्र वाटत नाहीं. उत्तरकांड हा रामायणाचा मागाहून जोडलेला भाग होय, असें बहुतेक संशोधक मानतात, हा झाला एक आक्षेप. परंतु तो बाजूस ठेवला तरी अरण्यकांडांतील घटनांचा क्रमच या तर्काच्या आड येतो. नाक-कान गमावल्यावर शूर्पणखा लंकेकडे धांवत नाहीं. ती जाते खराकडे. खर प्रथम चौदा राक्षस पाठवितो. ते पडतात. ती पुन्हां परत येते, रडते, खराच्या पौरुषास टोमणे मारिते, तेव्हां कोठें तो चौदा हजारांची सेना घेऊन निघतो. हें सारें सैन्य एकट्या रामाच्या हातून नष्ट होतें आणि मगच ती समुद्रापलीकडे जाते. जिला रावणाचें वाटोळें करावयाचें होतें, तिनें आपल्या आश्रयदात्या खराचा बळी आधीं कशाला दिला असता? जिचा चेहरा नुकताच कापला गेला आहे, तिच्या संतापास एखाद्या जुन्या वैराची पुरवणी जोडावयासच हवी काय? तर्क करणारांस वाटतें कीं हेतु जितका खोल दडविलेला, तितकें पात्र मोठें. त्या नादांत उघड्या जखमेकडे मात्र पाहावयाचें राहून जातें.

पूर्वींच्या कवींनाही हें प्रकरण जसेंच्या तसें पचलें नाहीं, असें दिसतें. विमलसूरीचें ‘पउमचरिय’ हें प्राकृतांतलें जैन रामायण. त्याची भाषा महाराष्ट्री प्राकृताच्या घरची, म्हणून मराठी माणसास तें थोडें अधिक जवळचें. त्यांत हिचें नांव चंद्रनखा. तिचा मुलगा शंबूक दिव्य खड्गाच्या प्राप्तीकरितां वेळूच्या बेटांत तप करीत बसलेला असतो. खड्ग प्रगट होतें, पण तें सांपडतें लक्ष्मणास. धार पाहावी म्हणून तो सहज वेळूंवर वार करितो आणि वेळूंबरोबर आंत बसलेल्या मुलाचें शिर तुटतें. मुलाला अन्न घेऊन आलेल्या आईस दिसतें तें हें दृश्य. येथें हेतूसाठीं तर्काची गरजच उरत नाहीं. मात्र पुढें जैन कवीही तिला राम-लक्ष्मणांवर मोहित करितो आणि झिडकारली गेल्यावर स्वतःच्याच नखांनीं अंग ओरबाडून नवऱ्याकडे कागाळी करावयास लावितो. आईची व्यथा त्यानें दिली आणि लागलीच काढूनही घेतली!

विदर्भांतील पद्मपूरचा भवभूति आठव्या शतकांतला. त्याची तऱ्हा निराळीच. ‘महावीरचरित’ नाटकांत रावणाचा मंत्री माल्यवान् हा बुद्धिबळाच्या पटावर प्यादीं हलवावीं तसा डाव टाकितो, आणि त्याच्या सांगण्यावरून शूर्पणखा मंथरेच्या देहांत शिरून रामास वनवास घडविते. म्हणजे येथें ती हेर आहे, राजकारणांतलें एक हत्यार आहे. कैकेयीवरचा कलंकही यानें पुसला जातो, आणि भवभूतीस तो पुसावयाचाच असावा. युक्ति नाटकास शोभणारी आहे. पण हेराला मन नसलें तरी चालतें, हीच तींतली उणीव.

तेव्हां पुन्हां वाल्मीकीकडेच वळलेलें बरें. लंकेच्या दरबारांत शूर्पणखा काय बोलते हें प्रचलित पाठाच्या तेहेतिसाव्या आणि चौतिसाव्या सर्गांत सविस्तर आलें आहे. ती प्रथम स्वतःच्या नाकाविषयीं गाऱ्हाणें करीत नाहीं. ती राजास राजनीति शिकविते. तूं विषयांत बुडालास, तुझे हेर निजलेले आहेत, जनस्थान गेलें तरी तुला पत्ता नाहीं, अशा राजास प्रजा विचारीत नाहीं, असा तिचा भडिमार चालतो. रावण रागावतो आणि विचारतो, हा राम कोण? तेव्हां तिच्या बोलण्याचा सूर बदलतो. रामाचें वर्णन संपवून ती सीतेच्या रूपाकडे येते आणि तेथेंच एक खोटें बोलते. ती सुंदरी तुझी भार्या व्हावी म्हणून मी तिला आणावयास गेलें, आणि त्यापायीं लक्ष्मणानें मला विद्रूप केलें!

हें असत्य सबंध प्रकरणाची किल्ली आहे. शूर्पणखा आपल्या भावास पुरती ओळखून होती. बहिणीच्या अपमानाकरितां हा उठेल अशी तिला खात्री नव्हती; राज्याच्या हानीकरितां उठेल याचीही नव्हती. हा उठेल तो एकाच गोष्टीकरितां, हें जाणून तिनें आपल्या जखमेचें कारणच बदलून टाकिलें. स्वतःचें दुःख भावाच्या गळीं उतरावें म्हणून त्याच्या वासनेच्या वेष्टनांत तें गुंडाळावें लागलें. तिच्या मनांत कपट होतें तें एवढेंच. आणि त्या कपटापेक्षां ज्याच्यापुढें तें करावें लागलें, त्याचीच ओळख त्यांतून अधिक पटते.

आणि रावण? तो त्याच दिवशीं मारीचाकडे जातो, आणि तेथें आपलें कारण सांगतो तें काय? रामानें विनाकारण माझ्या बहिणीचें नाक-कान कापले, म्हणून मी त्याची स्त्री हरण करणार. बहिणीची आठवण आली ती ही येथें, साथीदार मिळवितांना. पुढें संन्याशाच्या वेषांत पंचवटींतल्या आश्रमाच्या दारीं तो उभा राहतो, सीता अतिथि म्हणून त्याचें स्वागत करिते, तेव्हां बहिणीच्या अपमानाचें नांवही निघत नाहीं. तेथें सीतेच्या रूपाची स्तुति आणि लंकेच्या वैभवाचा पाढा. पुढें युद्धकांडांत राक्षसांच्या सभेंत तो तिसरीच भाषा बोलतो. सीतेवर आपलें मन जडलें हें तो कबूल करितो. पण तिनेंच आपणाजवळ एक वर्षाची मुदत मागितली, असें दडपून सांगतो. वस्तुतः बारा महिन्यांची मुदत त्यानें स्वतःच धमकी म्हणून घातलेली होती. मारीचापुढें तो भाऊ आहे, सीतेपुढें प्रणयी आहे, सभेपुढें उदार राजा आहे. खलपुरुषाचा हेतु शोधणारानें तो काय म्हणतो यापेक्षां कोणापुढें म्हणतो इकडे लक्ष दिलें, तर त्याचे पुष्कळ श्रम वांचतील.

रावणाचे कैवारी येथें एक मुद्दा हटकून काढतात. सीता इतके दिवस त्याच्या हातीं असतां त्यानें तिच्यावर बळजबरी केली नाहीं, हें थोर मनाचें लक्षण नव्हे काय? विमलसूरीचा रावण खरोखरीच असा आहे. राजी नसलेल्या स्त्रीस स्पर्श करणार नाहीं, असें व्रत त्यानें मुनीपुढें घेतलेलें असतें आणि तें तो पाळतो. त्याच्या शोकांतिकेस त्यामुळें भारदस्तपणा येतो. प्रचलित वाल्मीकिरामायणांत मात्र त्यास अडविणारी गोष्ट व्रत नसून शाप आहे. पूर्वीं पुंजिकस्थला अप्सरेवर केलेल्या अत्याचाराबद्दल ब्रह्मदेवानें दिलेल्या शापाची गोष्ट तो महापार्श्वास स्वतःच सांगतो: पुन्हां असें केलें तर मस्तकाचीं शकलें होतील. उत्तरकांडांत रंभेच्या प्रकरणीं नलकूबराचा असाच शाप आहे. घटना एकच, सीतेस स्पर्श झाला नाहीं ही. एका ग्रंथांत तिचें कारण शील, दुसऱ्यांत भीति. ज्यास जो रावण हवा असेल, तो त्यास मिळतो. वाद होतो तो एका ग्रंथांतल्या रावणाचें प्रमाणपत्र दुसऱ्या ग्रंथांतल्या रावणास चिकटविल्यामुळें.

अध्यात्मरामायणानें तर सर्वांवर ताण केली. तेथें रावण रामाचें ईश्वरत्व ओळखून, त्याच्या हातून मरण यावें आणि मोक्ष मिळावा म्हणून बुद्धिपुरस्सर वैर पत्करितो. विरोधभक्तीचा हा विचार भाविकांस फार गोड वाटतो, आणि कीर्तनाच्या रंगांत त्याला शोभाही येते. पण मंडपांतून बाहेर पडल्यावर एक शंका मनास टोंचते. रावणास मोक्ष मिळाला असेल. परंतु त्याकरितां अशोकवनांत दिवस मोजीत बसली ती सीता. भक्ताची सोय म्हणून तिनें एवढे दुःख भोगावें, असें म्हणावयास अध्यात्मरामायणाच्या कर्त्यासही अवघड वाटलें असावें. तेथें खरी सीता अग्नींत सुरक्षित राहते आणि रावण नेतो ती तिची केवळ छाया. खलपुरुषाचा हेतु एकदां पवित्र ठरविला कीं ज्याच्यावर अन्याय झाला त्यास छाया करून टाकावें लागतें!

शूर्पणखेचें पुढें काय झालें, हें मात्र बहुधा कोणी विचारीत नाहीं. रावणास पेटवून दिल्यावर ती कथेंतून जणूं नाहींशी होते. फक्त सुंदरकांडांत, चोविसाव्या सर्गांत, अशोकवनांतल्या राक्षसी सीतेला घेरून खाऊन टाकण्याच्या गोष्टी बोलत असतां, त्यांच्यापैकीं शूर्पणखा नांवाची एक जण पुढें होऊन म्हणते कीं, मद्य आणा, हिचें मांस खाऊं आणि निकुंभिलेपाशीं जाऊन नाचूं. ती हीच कीं तिच्या नांवाची दुसरी, याचा उलगडा कवि करीत नाहीं. चेहऱ्याचें वर्णन नाहीं, नाकाचा उल्लेख नाहीं. झाडाच्या पानांआड दडून बसलेला हनुमान हें सगळें ऐकत असतो. पण गोदातीरीं जें घडलें तेव्हां तो तेथें नव्हता, आणि तिला ओळखण्याचें त्याला कांहींच कारण नव्हतें.