सप्ताहांतील गायन-वादनाची शाळा

उन्हाळ्याच्या दिवसांत बीड जिल्ह्यांतील बालाघाटाच्या रांगेवरून रात्रीं कोणीं प्रवास केला, तर वाटेंत कोठें ना कोठें दिव्यांच्या माळांनीं उजळलेला एखादा मांडव त्याच्या दृष्टीस पडतो, आणि पखवाजाचा गंभीर नाद वाऱ्यावरून ऐकूं येतो. हा अखंड हरिनाम सप्ताह. शहरांतील सुशिक्षितांची सप्ताहाविषयींची कल्पना बहुधा कीर्तन आणि अन्नदान यांपलीकडे जात नाहीं. ध्वनिक्षेपकाच्या कर्कश आवाजामुळें कांहींची तर ती तेथपर्यंतहि पोहोंचत नाहीं. ही तक्रार खोटी नव्हे. तथापि त्या मांडवांत सात दिवस गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांची एक शाळा भरलेली असते, आणि खेड्यांतील सामान्य माणसास तिच्यावांचून दुसरी शाळा क्वचितच मिळते.

सात अहोरात्र वीणा खालीं ठेवावयाची नाहीं, हा सप्ताहाचा मुख्य नियम. पहाऱ्याची पाळी संपली कीं विणेकरी ती पुढच्याच्या गळ्यांत घालतो आणि दोघेहि एकमेकांच्या पायां पडतात. वयानें वडील कोण, हें तेथें पाहत नाहींत. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचें पारायण, सायंकाळीं हरिपाठ, रात्रीं कीर्तन आणि त्यानंतर जागर, असा क्रम असतो. नवशिक्यास प्रवेश मिळतो तो हरिपाठाच्या मागच्या ओळींत. त्याच्या हातीं टाळ देतात. टाळ वाजविणें सोपें दिसतें. परंतु मुठींत घट्ट आवळून धरिला तर तो मुका होतो, आणि सैल धरिला तर भलत्याच वेळीं किणकिणतो. शेजारच्या म्हाताऱ्याच्या मनगटाकडे पाहत पाहत दोन दिवसांत हात वळणावर येतो. कोणीं त्यास “असें कर” म्हणून सांगितलेलें नसतें.

पखवाजाची विद्या याहून दीर्घ, आणि तिचा पहिला धडा म्हणजे कणीक भिजविणें. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेची थापी बसविल्यावांचून त्यास खर्जाचा नाद येत नाहीं. कणीक सैल झाली तर ती पसरते. घट्ट झाली तर कीर्तनाच्या मध्यावरच सुकून सुटूं लागते, आणि मग मृदंगाचार्यास वाजवितां वाजवितां पाण्याचें बोट लावावें लागतें. होतकरू मुलानें आधीं हें काम करावयाचें, मग वाद्यांखालील लांकडी गट्टे ठोकून पखवाज गायकाच्या पट्टीस कसा आणितात तें पाहावयाचें, आणि पुष्कळ दिवसांनीं, हरिपाठाच्या वेळीं गुरुजी चहास उठले म्हणजे, आठ मात्रांच्या भजनी ठेक्यास हात लावावयाचा. त्याची चूक ठरलेलीच असते. पावली सुरू होऊन टाळकऱ्यांचीं पाउलें जलद पडूं लागलीं कीं तो त्यांच्याहि पुढें धांवतो. वर्गांतला शिक्षक येथें हात वर करून थांबवील. परंतु हरिपाठ थांबवितां येत नाहीं. वीस-पंचवीस टाळ एकदम समेवर आदळतात आणि त्यालाच ओढून जागेवर आणितात.

हीच रीत अगदीं परक्या भूमींतहि आढळते. अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत जन्मलेल्या बिल मन्रो (१९११-१९९६) या वादकानें १९३९ सालीं ‘ब्लू ग्रास बॉइज’ नांवाचा वाद्यमेळ उभा केला आणि त्यावरूनच पुढें त्या संगीतास ब्लूग्रास म्हणूं लागले. मँडोलिन, बँजो, गिटार, फिडल आणि मोठा बास हीं त्याचीं मुख्य वाद्यें. त्याचे शौकीन शनिवार-रविवारचीं शिबिरें भरवून वर्तुळ करून बसतात. पाळीपाळीनें एकेकानें पुढें येऊन वाजवावें आणि इतरांनीं हलक्या हातानें साथ धरावी, असा त्यांचा शिरस्ता. कीर्तनांतहि एका गायकानें चाल उचलली कीं दुसरे मागें धृपद धरितात, आणि पुढची चाल दुसरा उचलतो. फरक इतकाच कीं तेथील शिबिरांस बहुधा शुल्क भरून जावें लागतें; येथें उलट गांवच शिकणाऱ्यास जेवूं घालतें.

पद्धतशीर शिक्षणाची सोयहि वारकऱ्यांनीं केलेली आहे. जोगमहाराजांनीं १९१७ सालीं आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली. त्यांच्या सहकाऱ्यांत याच जिल्ह्यांतील नेकनूरशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे ते बंकटस्वामी होते. परंतु तेथील अभ्यास चार वर्षांचा, आणि बीडच्या कित्येक घरांस चार वर्षेंच काय, सलग एक वर्षहि गांवांत राहतां येत नाहीं. दसरा झाला कीं हजारों कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन ऊंसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. नवराबायकोच्या जोडीस तिकडे ‘एक कोयता’ म्हणतात. मनुष्याचें नांव अवजारावरून पडावें, हें ऐकावयास बरें वाटत नाहीं. ज्यांचीं मुलें मागें सांभाळावयास कोणी नसतें, त्यांचीं मुलेंहि बरोबर जातात आणि फडाजवळच्या कोपींत राहतात. मग गांवच्या भजनांत चार म्हातारे उरतात. पखवाज देवळांत खुंटीस लटकतो. पुढें उन्हाळ्यांत माणसें परततात, तेव्हां हातांस कोयत्याचे घट्टे पडलेले असतात आणि गेल्या वर्षीं बसलेला ठेका बोटांतून निसटलेला असतो. म्हणूनच चैत्र-वैशाखांतील सप्ताहाची वाट अशा घरांतील मुलें आतुरतेनें पाहतात.

अलीकडे भ्रमणध्वनीवर ऐकून चाली उचलणारेहि पुष्कळ झाले आहेत. त्यांस चाल येते, पण दम कोठें घ्यावा तें येत नाहीं. सिनेमाच्या चालींवर अभंग बसविण्याचा सोसहि त्यांतूनच वाढला आहे, आणि तो वारकरी गाण्याच्या भारदस्तपणास शोभत नाहीं. मात्र मुलींस आतां पखवाजास हात लावतां येऊं लागला आहे आणि स्त्री-कीर्तनकारांचीं कीर्तनें खेड्यांतूनहि होतात, ही गोष्ट फार चांगली झाली.

आठव्या दिवशीं काल्याचें कीर्तन होतें. पंगती उठतात, मांडव उतरतो, आणि सात दिवस कणीक भिजविणारा मुलगा पखवाजावरची वाळलेली कणीक जपून काढून, ओल्या फडक्यानें पुडी पुसून, खोळ चढवून वाद्य जागेवर ठेवितो. पुढें पाऊस येतो, पेरण्या होतात, दसरा उजाडतो. ट्रकमध्यें पिठाचीं पोतीं, भांडीं, अंथरुणें चढतात. आणि कित्येकदां त्या अंथरुणांत फडक्यांत बांधलेली टाळांची एक जोडी असते.