गाडीची काच फुटली, आता चौकीत जायचं का?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सेक्रेटरींनी सांगितलं होतं, काका, पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा. पण बोअरवेलची आठवण, पहिल्या पावसात गच्ची गळाल्याची आठवण हे सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगून टाकलं आहे. तेव्हा गेले तीन आठवडे आपल्या ग्रुपवर जो विषय रोज सकाळी उगवतो आणि रात्री कुणीतरी 'आता पुरे' म्हटलं की मावळतो, त्यावर बोलतो. आपल्या गेटबाहेर पाहुण्यांच्या गाडीची मागची काच फोडून बॅग गेली. तक्रार करायची की नाही, हा तो विषय. पाहुणे तर काच बदलून मुंबईला निघूनही गेले, वाद मात्र आपल्याकडे राहिला.

हमरापूर म्हणजे गणपतीच्या कारखान्यांचं गाव. हंगामात मुंबई-ठाण्याची माणसं मूर्ती बघायला, ठरवायला येतात, जिथे जागा मिळेल तिथे गाडी लावतात आणि कारखान्यात शिरतात. एकदा आत शिरलं की तासभर कसा जातो कळत नाही. रंग कुठला, आखणी कशी, फेटा बांधायचा की मुकुट! तेवढ्या वेळात सीटवर ठेवलेली पर्स किंवा लॅपटॉपची बॅग बाहेरून सगळ्यांना दिसत असते. हायवे जवळ, मोटरसायकल काढली की पाच मिनिटांत माणूस नाहीसा. हे काही आपल्याच गावचं नाही. वडखळला चहासाठी थांबलेल्या गाडीचंही असंच होऊ शकतं.

ग्रुपवर तक्रार न करण्याची जी कारणं आली, ती मी वहीत उतरवून ठेवली आहेत. जुनी सवय. मिळणार आहे का काही? चार खेपा कोण घालणार? काच साडेतीन हजारांची, त्यासाठी दिवस घालवायचा? सोसायटीचं नाव खराब होईल, फ्लॅटचे भाव उतरतील. आणि शेवटचं कारण, जे लिहिलं कमी गेलं आणि जिन्यात बोललं गेलं जास्त: 'कुणी केलं ते आपल्याला माहीतच आहे.'

पहिल्या कारणांना मी हसणार नाही. खेपा पडतात हे खरं आहे. वस्तू बहुतेक वेळा मिळत नाही, हेही खरं. आपल्या देशात चोरी झालेल्या माणसांपैकी फारच थोडे एफआयआरपर्यंत पोचतात. २०१७ साली आयडीएफसी इन्स्टिट्यूटने मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि बेंगळुरू अशा चार शहरांची पाहणी प्रसिद्ध केली होती, तिच्यातही हेच दिसलं. म्हणजे न जाणारे आपण एकटे नाही.

मला काळजी आहे ती शेवटच्या कारणाची. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. मंडळी, एकमेकांकडे बघू नका, ही आपल्या सोसायटीतली नाही. माझ्या मेव्हण्यांच्या सोसायटीतली आहे, आणि गावाचं नाव मी सांगणार नाही. मी तेव्हा तिथे आठवडाभर मुक्कामाला होतो. एका सभासदाच्या गाडीची काच रात्री फुटली, बॅग गेली. मी पाहुणा, तरी म्हटलं की आधी चौकीत कळवा. कमिटीचं म्हणणं, नको, उगाच झेंगट. आपसात बघू. आता आपसात बघू म्हणजे काय? दुसऱ्या दिवशीपासून सगळे वॉचमनकडे बघायला लागले. त्याला तोंडावर कुणी चोर म्हटलं नाही. फक्त एकाने त्याला गाडी धुवायला सांगायचं बंद केलं, दुसऱ्याने किल्ली परत मागून घेतली, आणि एका बाईंनी त्याच्या बायकोला धुण्याभांड्याला येऊ नको म्हणून निरोप दिला. पाचव्या दिवशी तो पगार न मागता कुटुंबासह गावी निघून गेला. मग सगळे म्हणाले, बघा, पळाला.

नवव्या दिवशी त्या सभासदाला चेकबुक आणि गाडीच्या कागदांसाठी पोलिसांचा कागद लागला, म्हणून तक्रार झाली. हवालदार आले, त्यांनी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागितलं. नऊ दिवसांत ते कुणी उघडून बघितलंच नव्हतं! पावणेतीनच्या सुमाराला हेल्मेट घातलेले दोघे मोटरसायकलवरून आले, मिनिटभरात काम उरकून गेले. त्याच वेळी दुसऱ्या कॅमेऱ्यात वॉचमन मागच्या बाजूला पाण्याचा पंप बंद करताना दिसत होता. चोर सापडले नाहीत. वॉचमनला फोन केला, पगार घेऊन जा म्हणून. त्याने पगार भावाकडे द्यायला सांगितला. तो आला नाही.

आपल्या मागच्या चाळीत कारखान्यातली रंगकामाची मुलं राहतात. बाहेरगावची आहेत, रात्री उशिरापर्यंत काम करतात, दोन-दोन वाजता घरी येतात. जिन्यातलं बोलणं त्यांच्याविषयी आहे, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एफआयआरमध्ये काय लिहितात? 'अज्ञात इसम.' ते दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. तक्रार केली नाही तर चोरी काही पुसली जात नाही, तिची चौकशी तेवढी आपल्या जिन्यात होते.

बँकेतला एक प्रकार सांगतो. संध्याकाळी कॅश जुळवताना शंभर रुपये कमी आले तर ते त्याच दिवशी 'शॉर्ट' म्हणून लिहावेच लागतात. एखादा कॅशियर स्वतःच्या खिशातून शंभर घालतो आणि मिटवतो. माणूस भला वाटतो, पण ऑडिटरच्या डोक्याला ताप तोच. कारण उद्या मोठी रक्कम गेली तर गळती कधीपासून आणि कुठल्या काउंटरवर, हे सांगणारी एकही ओळ कुठे सापडत नाही. हायवेलगतच्या दहा सोसायट्यांनी दहा काचा गुपचूप बदलल्या, तर पोलिसांच्या दप्तरी या पट्ट्यात चोरी होतच नाही. मग रात्रीची गस्त कुठल्या तोंडाने मागायची?

आता कायद्याचं थोडं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. चोरीचं जुनं कलम ३७९ जाऊन भारतीय न्याय संहितेचं ३०३ आलं. माल किंवा प्रवासी नेणाऱ्या वाहनातून वस्तू चोरण्याचा वेगळा उल्लेख ३०५ मध्ये आहे, तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत. कुठलं कलम लावायचं ते पोलिसांचं काम. आपण घडलं तेवढं सांगायचं. एक मेख मात्र लक्षात ठेवा. पाच हजारांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र, म्हणजे 'एनसी' होऊ शकते, आणि एनसीत मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. म्हणून काय गेलं याची यादी आणि किंमत नीट, खरी लिहा. खरी म्हणतोय मी! जुना मोबाईल नवा करून लिहू नका, खोटी माहिती देणं हाही गुन्हाच आहे.

गुन्हा दखलपात्र असेल तर एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवून घेतली नाही, तर अलिबागला पोलीस अधीक्षकांकडे टपालाने अर्ज पाठवता येतो. आणि नव्वद दिवसांत तपास कुठवर आला ते पोलिसांनी तुम्हाला कळवायचं आहे. हे विचारायला गेलात तर वाद घालायला आला असं समजायचं कुणाला कारण नाही.

पैशाचं मात्र वेगळं आहे, आणि इथे बरेच जण गल्लत करतात. तक्रार करणं आणि विम्याचा क्लेम करणं या दोन गोष्टी आहेत. तक्रार केली म्हणून क्लेम करावाच लागत नाही. समजा तुमच्या गाडीचा ओन डॅमेजचा हप्ता आठ हजार आहे आणि पन्नास टक्के नो क्लेम बोनस मिळून तुम्ही चार हजार भरता. काच साडेतीन हजारांची. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये आपल्या पदरचे, म्हणजे कंपनीकडून येणार अडीच. बदल्यात बोनस शून्यावर. मग पुढे दरवर्षी वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस टक्के असा चढत तो पुन्हा पन्नासवर येईपर्यंत तुम्ही जादा भरणार दहा हजार. मी कागदावर मांडून बघितलं आहे. बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलं असेल तर हा हिशोब बदलतो. आणि आतली बॅग, लॅपटॉप साध्या पॉलिसीत धरतच नाहीत.

पर्स गेली असेल तर चौकीच्याही आधी बँकेला फोन. कार्ड नुसतं टेकवून पाच हजारांपर्यंत पिनशिवाय पैसे जातात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे आपल्या निष्काळजीपणाने झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. चेकबुक असेल तर स्टॉप पेमेंट. पासपोर्ट, आरसी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट यांची दुय्यम प्रत काढायला पोलिसांचा कागद लागतोच. आपल्या ऑफिसातही शेअर सर्टिफिकेटसाठी सेक्रेटरी तो मागतात, आणि बरोबर करतात.

नाव खराब होण्याविषयी एवढंच, की फ्लॅट घ्यायला येणारा माणूस गेटवरच्या वॉचमनला आणि समोरच्या टपरीवाल्याला विचारतो. पोलिसांचं रजिस्टर बघायला तो जात नाही.

अध्यक्षसाहेबांकडे मी तीन गोष्टी लेखी दिल्या आहेत. काच फुटलेली दिसली तर पोलीस येईपर्यंत झाडू मारायचा नाही, फक्त फोटो काढायचे आणि ११२ ला फोन करायचा. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरवर जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेव्हा त्याच दिवशी ते वेगळं काढून ठेवायचं आणि त्याचा पासवर्ड एकट्या खजिनदारांच्या डोक्यात ठेवायचा नाही. खजिनदार रागावू नका, पण मागच्या वेळी तुम्ही शिर्डीला होतात. तिसरं, तक्रारीच्या अर्जाचा मराठी नमुना मी टाइप करून ऑफिसातल्या हिरव्या फाइलीत ठेवला आहे. सभासदाला एकट्याने जायला अवघड वाटत असेल तर कमिटीतलं एक माणूस बरोबर जाईल, आणि कमिटीला सवड नसेल तर मला हाक मारा. मला दुपारी साडेचारनंतर वेळ असतो.

आणि ते पाहुणे ज्यांच्याकडे आले होते, त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे. पाहुणे रविवारी मूर्तीचे पैसे द्यायला पुन्हा येणार आहेत. रेकॉर्डिंग आपण काढून ठेवलेलं आहे. आम्ही तिघे दुपारी चौकीत जाऊन येऊ.