औशाची मुले आणि समुद्र

निजामी अमदानीत औशाचे कुटुंब मुलाबाळांसह मुंबईस निघे, ते बैलगाडीने. लातुरास १९११ साली आलेली बार्शी लाइट रेल्वे अवघी अडीच फूट रुंदीची. ती २००८ पर्यंत रुंद झाली. तेव्हा कुर्डुवाडीस निजलेली मुले खांद्यावर घेऊन गाडी बदलावी लागे. हद्दीपलीकडे हाली शिक्का चालत नसे, म्हणून कलदार रुपयांची चिंता वडिलांस निराळीच.

मुंबईत राणीचा बाग, म्युझियम ही सारी यादी मोठ्यांची. मूल मात्र चौपाटीवरून उठता उठत नसे. घरी आडाचे पाणी पोहऱ्याने शेंदून जपून वापरायचे. मग एवढे पाणी पाहताच त्याने ओंजळ तोंडास लावली, तर नवल कसले? खारट घोट थुंकूनही ते तेथेच बसे. शहाणी आई म्युझियमचा बेत उद्यावर टाकी.