फेलोशिप कुणाच्या नावावर?

पीएचडीचा विषय घरात निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "महिन्याला किती देतात?" या सभागृहात बसलेल्या पालकांच्या मनातही तोच असणार, तेव्हा आधी आकडे. सीएसआयआर-यूजीसी नेट देऊन जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळवणाऱ्याला जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. दोन वर्षांनी कामाचा आढावा होऊन एसआरएफ, म्हणजे सीनियर रिसर्च फेलोशिप, लागू झाली की ४२,०००. पंतप्रधान रिसर्च फेलोशिप ७०,००० पासून सुरू होऊन ८०,००० पर्यंत जाते. शिवाय संशोधनखर्चाला वर्षाकाठी दोन लाख.

हे आकडे आपसूक वाढलेले नाहीत. २०१४ पासून जेआरएफ २५,००० वर अडकली होती. देशभरचे संशोधक विद्यार्थी प्रयोगशाळा सोडून रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे २०१९च्या जानेवारीत ती ३१,००० झाली.

पण पैसे किती मिळतात यापेक्षा ते कुणाच्या नावावर येतात, हा प्रश्न महत्त्वाचा. आणि तो मुलाखतीला जाणारी मुले क्वचितच विचारतात. नेटची जेआरएफ, विद्यापीठात पदव्युत्तर परीक्षेला पहिल्या आलेल्यांसाठीची इन्स्पायर, किंवा बार्टी, सारथी, महाज्योतीची फेलोशिप विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर असते. आयआयटीत गेटच्या गुणांवर प्रवेश घेतला तर पैसे संस्था देते आणि बदल्यात विद्यार्थ्याला प्रात्यक्षिके घ्यावी लागतात, पेपर तपासावे लागतात. तिसरी तऱ्हा प्रोजेक्ट जेआरएफची. तिथे पैसा गाइडने मंजूर करून आणलेल्या प्रकल्पाचा. प्रकल्पाची मुदत सहसा तीन वर्षांची, प्रबंधाला लागतात पाच. उरलेल्या दोन वर्षांचे काय, हे नेमणुकीच्या पत्रात लिहिलेले नसते.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचे उदाहरण इथे फार बोलके आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या या मुलीला बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी, ती मुलगी आहे म्हणून, प्रवेश नाकारला. ती हटली नाही. शेवटी वर्षभर काम पाहून ठरवू, अशा अटीवर तिला घेतले. रामन यांच्या थोरवीपुढे हा प्रसंग दबक्या आवाजात सांगायची रीत आहे. ती सोडलेली बरी.

पुढे त्या शिष्यवृत्ती घेऊन केंब्रिजला गेल्या. तिथे ज्यांच्या हाताखाली काम सुरू केले ते डेरेक रिक्टर मध्येच निघून गेले. कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे गेल्या, वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागल्या आणि बटाट्यावर काम करता करता त्यांना वनस्पतींमध्येही सायटोक्रोम सी असल्याचे आढळले. जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये पीएचडी मिळाली. पैसा रिक्टर यांच्या प्रकल्पाचा असता, तर तेवढ्या सहजी टेबल बदलता आले असते का?

आज मुलाखतीत शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असे म्हणतात, तेव्हा मुले नम्रपणे मान हलवून बाहेर पडतात. विचारावे: प्रकल्प कधी संपतो? पाच वर्षांनंतर संस्था काही देते का? आणि त्याच प्रयोगशाळेतल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कँटीनमध्ये गाठून वेगळे विचारावे, की पैसे दरमहा येतात, की सहा महिने थकून एकदम जमा होतात. मेसवाला दर महिन्याला बिल मागतोच.