पाहुण्यांचे नगरदर्शन : उपराजधानीची एक जबाबदारी



डिसेंबर महिना जवळ आला की नागपूरचे रूप पालटते. रस्त्यांवरील खड्डे बुजू लागतात, आमदार निवासाला नवा रंग चढतो, सिव्हिल लाइन्समध्ये बंदोबस्त उभा राहतो आणि मंत्री, आमदार, सचिव यांचा मोठा लवाजमा उपराजधानीत दाखल होतो. मार्च २०२३ मध्ये, भारताच्या जी-२० अध्यक्षपदाच्या काळात, ‘सी-२०’ या नागरी संस्थांच्या गटाची प्रारंभिक परिषद येथे भरली, तेव्हाही शहर असेच सजले होते. पाहुणे येतात आणि जातात. त्यांची निवासव्यवस्था कशी होती, भोजन कसे होते, याची चर्चा होते. मात्र त्यांनी नागपुरात नेमके पाहिले काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

वस्तुतः हा प्रश्न केवळ आतिथ्याचा नाही. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हा मान गेला. तत्पूर्वी २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात शासनाने ठरावीक काळ नागपुरात येऊन राहावे आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन दरवर्षी येथे घ्यावे, असे नमूद झाले. दूरच्या राजधानीत बसून ज्या प्रदेशाचे भवितव्य ठरवायचे, तो प्रदेश राज्यकर्त्यांनी निदान वर्षातून एकदा डोळ्यांनी पाहावा, हा त्या कलमाचा आशय. कोरोनाच्या संकटामुळे २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली. २०२२ मध्ये ती परंपरा पुन्हा सुरू झाली खरी, परंतु २०२४ चे अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर अशा सहा दिवसांत आटोपले. इतक्या अल्पावधीत विमानतळ, विधान भवन आणि निवास यांपलीकडे पाहुण्याची दृष्टी जाणार तरी कशी?

बाहेरून आलेल्या मुत्सद्द्याने हे नगर बारकाईने पाहिल्याची उदाहरणे इतिहासात आहेत, आणि ती अंतर्मुख करणारी आहेत. भोसल्यांच्या दरबारी इंग्रजांनी जे वकील पाठविले, त्यांत संस्कृतचा गाढा अभ्यासक कोलब्रुक होता. १८०४ ते १८०८ या काळात येथे रेसिडेंट असलेला एल्फिन्स्टन पुढे पुण्यात पेशव्यांच्या दरबारी गेला आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्यानंतर आलेल्या जेन्किन्सने १८२७ मध्ये नागपूर राज्याविषयी सविस्तर अहवाल सिद्ध केला. जमीन, महसूल, जाती, व्यवसाय, न्यायपद्धती, सारे त्याने नोंदवून ठेवले. परक्यांनी हा प्रदेश इतक्या काळजीपूर्वक अभ्यासला, तो त्यावर सत्ता गाजविण्यासाठी. स्वराज्यातील लोकप्रतिनिधीने तो सेवेसाठी अभ्यासावा, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

मग पाहुण्याला दाखवावे काय? एका दिवसात साध्य होईल असा क्रम सहज आखता येतो.

प्रारंभ झीरो माइलपासून व्हावा. चार अश्वांच्या शिल्पांमुळे हे स्थळ छायाचित्रांसाठी प्रसिद्ध आहे आणि देशातील अंतरे येथून मोजली जात, असे सर्रास सांगितले जाते. परंतु तेथील १९०७ चे चिन्ह हे भारताच्या महासर्वेक्षणातील उंची मोजण्याचे प्रमाण-चिन्ह आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची निश्चित करून त्या आधारे पुढील मोजणी करावयाची, हा त्याचा उपयोग. या महासर्वेक्षणाचा आरंभ १८०२ मध्ये मद्रासजवळ करणारा लॅम्ब्टन १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे मरण पावला आणि त्याची समाधीही तेथेच आहे. निर्णयापूर्वी मोजणी असावी लागते, हा धडा धोरणकर्त्याला येथे उभे राहून मिळू शकतो. दंतकथेपेक्षा ही वस्तुस्थिती अधिक मोलाची आहे.

दुसरा टप्पा सीताबर्डीचा. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी याच टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याची इंग्रजांशी लढाई झाली आणि नागपूरचे स्वातंत्र्य वस्तुतः तेथेच संपले. पुढे १८५३ मध्ये राजा निपुत्रिक वारला, हे निमित्त करून राज्य खालसा करण्यात आले. किल्ला आज सेनादलाच्या ताब्यात आहे आणि सर्वसामान्यांना वर्षातील मोजक्या राष्ट्रीय दिवशीच पाहता येतो. अभ्यागत प्रतिनिधींसाठी रीतसर अनुमती मागणे अशक्य नसावे.

तिसरा टप्पा दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. येथील भव्य स्तूपाचे उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. बौद्ध देशांतून येणाऱ्या राजनैतिक पाहुण्यांना या स्थानाविषयी जी आत्मीयता वाटते, ती शंभर भाषणांनीही निर्माण होणार नाही. ३० मार्च २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी रेशीमबागेतील स्मृतिमंदिर आणि दीक्षाभूमी या दोन्ही स्थानांचे एकाच दिवशी दर्शन घेतले. एकाच नगरात नांदणाऱ्या भिन्न प्रवाहांची ओळख पाहुण्याला कशी करून द्यावी, याचा तो वस्तुपाठ होता.

चौथा टप्पा संस्थांचा. केंद्रीय कापूस संशोधन संस्था, पर्यावरण अभियांत्रिकीतील ‘नीरी’, मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था ही सारी नागपुरात आहेत. राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत भारतीय महसूल सेवेच्या अधिकाऱ्यांबरोबर भूतानचे अधिकारीही प्रशिक्षण घेत आले आहेत. कापसाच्या भावावर सभागृहात तावातावाने बोलणाऱ्या सदस्याने एक दुपार कापूस संशोधकांसोबत आणि एक सकाळ शेतकऱ्यासोबत घालविली, तर त्याच्या भाषणाला वजन येईल.

येथवरचे दर्शन सुखद आहे. मात्र पाहुण्याला केवळ सुखद तेच दाखविणे म्हणजे अर्धसत्य सांगणे होय. म्हणून पाचवा टप्पा नाग नदीचा असलाच पाहिजे. ज्या नदीवरून नगराला नाव मिळाले, ती आज शहराचे सांडपाणी वाहून नेते. हे पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि तेथून गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. त्या प्रकल्पाची कहाणीही पाहण्याजोगी आहे. १९८८ मध्ये भूमिपूजन झाले, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, ३७२ कोटी रुपयांचा मूळ अंदाज अठरा हजार कोटींच्या वर गेला. ज्यांनी गावे दिली त्यांचे पुनर्वसन आणि ज्यांच्यासाठी धरण बांधले त्यांच्या शेतातील पाणी, हे दोन्ही प्रश्न पाहुण्यांनी काठावर उभे राहून विचारावेत. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून ‘अनुशेष’ हा शब्द सभागृहात घुमतो आहे. तो आकड्यांच्या तक्त्यात वाचणे निराळे आणि कोरड्या पाटचारीत पाहणे निराळे.

पाहुण्यांसाठी रस्ता रंगविला, नाल्यावर पडदा टाकला, तर ती फसवणूक पाहुण्याची नसते. ती स्वतःची असते. ज्याच्या हाती निधी आणि कायदा आहे, त्याच्यापासूनच व्यथा लपविणारा यजमान स्वतःच्या घराचे नुकसान करतो.

हे कार्य केवळ शासनावर सोडून भागणार नाही. नगराचा इतिहास जाणणारे प्राध्यापक, निवृत्त अभियंते, इतिहासप्रेमी तरुण यांनी मिळून अभ्यासू मार्गदर्शकांचा एक गट उभारावा. मराठी, हिंदी आणि इंग्रजीत, ऐकीव गोष्टी वगळून, पडताळलेली माहिती देणारी छोटी पुस्तिका तयार व्हावी. प्रत्येक टप्प्यावर पाहुण्याला एक माहिती द्यावी आणि एक प्रश्न हाती ठेवावा. आणि या साऱ्याचा आरंभ घरापासून व्हावा. किती नागपूरकर कुटुंबांनी आपल्या मुलांना १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, आपले ‘अजब बंगला’, दाखविले आहे? किती मुलांना नाग नदीचा उगम ठाऊक आहे? ज्याने आपले नगर स्वतः पाहिले नाही, तो ते दुसऱ्याला दाखवू शकत नाही.

येत्या डिसेंबरमध्ये पुन्हा पाहुणे येतील. त्यांच्या हाती संत्र्यांची पेटी आणि बर्फी अवश्य द्यावी. परंतु परतीच्या विमानात बसताना त्यांच्या टिपणवहीत विदर्भाविषयी चार खऱ्या नोंदी असतील, तरच नागपूर करारातील ते कलम खऱ्या अर्थाने पाळले गेले, असे म्हणता येईल.