परतीचं भाडं

'सीने में जलन' ही सुरेश वाडकरांनी गायलेली गझल तुम्ही रेडिओवर पुष्कळदा ऐकली असेल. शब्द शहरयार यांचे, संगीत जयदेव यांचं. पण ती ज्या चित्रपटातली, तो 'गमन' किती जणांनी पाहिलाय, शंकाच आहे. मुजफ्फर अलींचा हा पहिला चित्रपट, १९७८ सालचा.

अवधातल्या खेड्यात पोट भरत नाही म्हणून गुलाम हसन मुंबई गाठतो. ही भूमिका फारूख शेख यांची. गावी म्हातारी आई आणि बायको खैरुन, म्हणजे स्मिता पाटील. मुंबईत गुलामने आधी टॅक्स्या धुवायच्या, मग चालवायच्या. आपल्या सिनेमात मुंबईला आलेला परगावचा माणूस एक तर शेठ होतो, नाही तर दादा. गुलाम भाडी मारत राहतो, बस्स. टॅक्सीत मागे बसून एरवी ज्याची फक्त मान दिसते, त्याचा चेहरा अली आपल्याला दाखवतात. त्याचा दोस्त लल्लूलाल मुंबईत जुना, पण त्याचंही लग्न खोलीवाचून अडलेलं. (लल्लूलालची ही गोष्ट जरा घाईत उरकलीय, असं मला वाटतं.)

शेवटी गुलाम गावी जायला स्टेशनवर येतो आणि मनातल्या मनात हिशेब मांडतो. साठवलेल्यातला मोठा वाटा जाण्यायेण्यातच गेला, तर घरच्यांच्या हातावर ठेवायचं काय? गाडी सुटते, तो मागेच राहतो. घरची ओढ एरवी पडद्यावर डोळ्यांतून वाहते; इथे ती साध्या वजाबाकीत अडकते. 'दो बिघा जमीन'मधला शंभू कलकत्त्यात रिक्षा ओढतो, तेव्हा जमीन सोडवायची मुदत तरी त्याच्यापुढे असते. गुलामला मुदतच नाही, म्हणून त्याचं परकेपण संपत नाही.

हे दुःख आपल्याला नवं नाही. गिरणगावातल्या कोकणी, घाटी कामगारांच्या बायका अशाच मनीऑर्डरीवर दिवस काढत होत्या. अण्णा भाऊ साठ्यांच्या छक्कडीतली मैना त्यांच्यातलीच. पण त्या छक्कडीत बोलतो तो मुंबईतला नवरा. 'गमन'मध्ये कॅमेरा पुन्हा पुन्हा गावाकडे, खैरुनकडे वळतो. स्मिताला संवाद थोडेच आहेत. तरी मुंबईत काय घडतंय यापेक्षा तिकडे खैरुनचं कसं चाललं असेल, याचाच घोर पाहणाऱ्याला जास्त लागतो.