रोगप्रतिकार : सामर्थ्य आणि विवेक



पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आजही दिसतो. १७९६ मध्ये इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी गाईंना होणाऱ्या सौम्य देवीचा द्रव आठ वर्षांच्या एका मुलाला टोचला. पुढे खऱ्या देवीचा द्रव टोचूनही त्या मुलाला रोग झाला नाही. या मार्गाने जाता जाता १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे घोषित केले.

प्रतिकारशक्ती माणसाला तीन वाटांनी लाभते. त्वचा, श्लेष्मल आवरण आणि जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी हे जन्मजात कवच होय. मातेची प्रतिपिंडे वारेतून गर्भाला आणि चीकदुधातून अर्भकाला मिळतात. मात्र हे उसने धन काही महिन्यांत सरते. तिसरी वाट स्वकष्टार्जित. रोगाशी किंवा लशीशी गाठ पडली की शरीर स्मृतिपेशी घडवते. तोच जंतू पुन्हा आला, तर त्या त्याला ओळखून त्वरेने प्रतिकार करतात.

परंतु शस्त्रधारी रक्षकाला आप्त कोण आणि परका कोण, हे कळावे लागते. छातीतील थायमस ग्रंथीत टी-पेशींची ही परीक्षा होते. स्वशरीरावर उठणाऱ्या बहुतेक पेशी तेथेच नष्ट होतात. ज्या निसटतात, त्यांना आवर घालणाऱ्या नियामक पेशी जपानमधील शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या. २००१ मध्ये अमेरिकेतील मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी या नियमनामागील जनुक शोधले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही व्यवस्था बिघडली की अनर्थ ओढवतो. एचआयव्हीमुळे रक्षकच क्षीण होतात. ॲलर्जीत निरुपद्रवी परागकणांवरही हल्ला चढवला जातो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन निर्माण करणाऱ्या स्वतःच्याच पेशी मारल्या जातात, तर आमवातात सांध्यांच्या अस्तराला सूज येते.

म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या सरसकट उपदेशापासून सावध राहावयास हवे. आमवाताच्या अनेक रुग्णांना दिलेली औषधे भडकलेल्या प्रतिकाराला मुद्दाम लगाम घालतात. शेजाऱ्याच्या सल्ल्याने ती परस्पर थांबवली, तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. मधुमेही बालकाचे इन्सुलिन कुणा काढ्याच्या भरवशावर बंद केले, तर काही दिवसांतच प्राणावर बेतते. अशा घरातील वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांच्या अनुमतीवाचून औषधात बदल होऊ देऊ नये, हीच त्या रुग्णाची खरी सेवा होय. बालकांचे लसीकरण वेळेवर करणे जितके अगत्याचे, तितकेच हेही.

देहाचे रक्षण बळाने होते. पण ते बळ विवेकाच्या आणि संयमाच्या अधीन असेल, तेव्हाच त्याला आरोग्य म्हणतात.